गुरुत्वाकर्षण हे बल की त्वरण? वाद नेमका कशाचा आहे?

‘गुरुत्वाकर्षण हे बल नाहीच, शाळेत तुम्हाला चुकीचं शिकवलं’ अशा थाटाची एखादी रील तुमच्या फीडमध्ये कधी ना कधी आलीच असेल. दुसरीकडे राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग १ मध्ये पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा, आणि त्यात ते बल आहे. त्याच धड्यात थोडं पुढे ९.८ हा आकडा भेटतो, आणि तो मात्र त्वरणाचा आहे. मग नक्की काय? बल, त्वरण, की आइन्स्टाइन म्हणाला तसं तिसरंच काही?

हा नुसता शब्दांचा काथ्याकूट वाटू शकतो. पण सोनाराचा काटा काय मोजतो, अंतराळवीर का तरंगतात, दिवसातून दोनदा भरती का येते आणि आपल्या हिंगोली जिल्ह्यात २,६०० कोटी रुपये खर्चून काय मोजलं जाणार आहे, हे सगळं या एका प्रश्नाशी जोडलेलं आहे.

आधी दोन शब्द सुटे करू

बल म्हणजे ढकलणं किंवा ओढणं. ते न्यूटनमध्ये मोजतात. त्वरण म्हणजे वेग किती झपाट्याने बदलतोय ते. ते मीटर प्रति सेकंद वर्ग या एककात मोजतात.

माडावरून एक नारळ सुटला असं समजा. हवेचा विरोध सोडून दिला, तर एका सेकंदाने त्याचा वेग सेकंदाला ९.८ मीटर, म्हणजे ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास असेल. दोन सेकंदांनी ताशी ७०. दर सेकंदाला वेगात तेवढीच भर. हे झालं त्वरण. नारळ अर्ध्या किलोचा असो की दीड किलोचा, हा आकडा तोच राहतो.

बलाचं मात्र तसं नाही. अर्ध्या किलोच्या नारळावर पृथ्वीचं साधारण ५ न्यूटन बल असतं, दीड किलोच्या नारळावर १५ न्यूटन. म्हणजे बल हा त्या त्या वस्तूचा हिशोब आहे आणि त्वरण हा त्या जागेचा. चंद्रावर गेलात तर जागा बदलली, आणि हाच आकडा साधारण एक षष्ठांश होतो.

मग वजन म्हणजे काय? याचा निकाल बराच आधी लागलेला आहे. १९०१ मध्ये पॅरिसला झालेल्या वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने जाहीर केलं की किलोग्रॅम हे वस्तुमानाचं एकक आहे आणि वजन ही बलाच्या जातीची राशी आहे. वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण म्हणजे वजन. त्याच परिषदेत ९.८०६६५ हा गुरुत्व त्वरणाचा प्रमाण आकडा ठरवून टाकला.

म्हणजे ‘वजन’ हे बल आणि ‘९.८’ हे त्वरण, इथवर भांडण नाही. भांडण आहे ते ‘गुरुत्वाकर्षण’ या शब्दाचं. आणि ‘मग गुरुत्वाकर्षण म्हणजेच त्वरण’ असं घाईने म्हणण्यात एक साधी अडचण आहे. टेबलावर ठेवलेला मोबाइल बघा. तो कुठेही पडत नाहीये, त्याचा वेग बदलत नाहीये, म्हणजे त्याला त्वरण नाही. पण म्हणून त्याच्यावरचं गुरुत्वाकर्षण थांबलंय का? नाही. अशा वेळी ९.८ हा आकडा ‘दर किलोमागे ९.८ न्यूटन’ असा वाचणं जास्त सोयीचं. गणिताने दोन्ही एककं एकच आहेत, पण दुसऱ्या वाचनात काहीतरी पडत असल्याची अट नाही.

सोनाराचा काटा

आता पैशांची गोष्ट. दोन पारड्यांचा जुना तराजू दोन्ही बाजूंच्या वस्तूंची एकमेकांशी तुलना करतो. जागा बदलली तर दोन्ही पारड्यांवर सारखाच परिणाम होतो, त्यामुळे हा तराजू चंद्रावरही बरोबर माप देईल. तो खऱ्या अर्थाने वस्तुमान मोजतो.

दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा बहुतेक वेळा तसा नसतो. वर ठेवलेली वस्तू त्याला किती जोराने दाबते हे तो मोजतो, म्हणजे बल मोजतो, आणि मग आत साठवलेल्या आकड्याने हिशोब करून पडद्यावर ग्रॅम दाखवतो. आता पृथ्वीवर सगळीकडे ९.८ चा आकडा अगदी सारखा नसतो. पृथ्वी फिरते आणि विषुववृत्तापाशी थोडी फुगीर आहे, त्यामुळे विषुववृत्तावर तो सुमारे ९.७८ आणि ध्रुवावर सुमारे ९.८३ असतो. मुंबईच्या अक्षांशावर समुद्रसपाटीला तो ९.७९ च्या थोडा अलीकडे येतो, तर उत्तर युरोपात साठाव्या अक्षांशाला ९.८२ च्या जवळ.

समजा तिकडे जुळवलेला असा काटा कोणी तसाच मुंबईत आणून लावला. १०० ग्रॅम सोनं त्यावर साधारण ९९.६६ ग्रॅम भरेल. सोनं तेवढंच आहे, वस्तुमान तेवढंच आहे, बल कमी झालंय. म्हणून काटा ज्या ठिकाणी वापरायचा तिथल्या हिशोबाने प्रमाणित वजनं ठेवून जुळवून घ्यावा लागतो. सोन्याच्या आजच्या भावात तिसरा हिस्सा ग्रॅम कितीचा पडतो ते तुम्हीच काढा.

न्यूटनने लंबकाला गहू का टांगला?

वीज, चुंबक, स्प्रिंग यांच्याबद्दल ‘हे बल की त्वरण’ असं कोणी विचारत नाही. गुरुत्वाकर्षणाबद्दलच का विचारतात?

कारण इथे एक विचित्र योगायोग आहे. वस्तुमान दोन वेगवेगळी कामं करतं. एक, वस्तू हलवायला किती जड जाईल ते ठरवणं. याला जडत्व म्हणतात. दोन, पृथ्वी त्या वस्तूला किती जोराने ओढेल ते ठरवणं. या दोन कामांचा एकमेकांशी संबंध असायलाच हवा असं नाही. विजेत पाहा, कणावरचा विद्युतभार किती आणि त्याचं वस्तुमान किती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून एकाच विद्युत क्षेत्रात इलेक्ट्रॉनचं त्वरण वेगळं, प्रोटॉनचं वेगळं.

गुरुत्वाकर्षणात मात्र वस्तू दुप्पट जड असेल तर ओढ दुप्पट, आणि तिला हलवायला लागणारा जोरही दुप्पट. दोन्ही एकमेकांना काटतात आणि उत्तरात वस्तू उरतच नाही. उरते फक्त जागा.

न्यूटनला हा योगायोग खटकला होता. त्याने तो तपासून पाहिला. सारख्या आकाराच्या पेट्या घेऊन त्यांत सोनं, चांदी, शिसं, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी आणि चक्क गहू भरले आणि त्यांचे लंबक करून शेजारी शेजारी झुलवले. पदार्थागणिक त्वरण वेगळं असतं तर झोके हळूहळू पुढे-मागे झाले असते. झाले नाहीत. हजारात एक भाग इतकाही फरक असता तर दिसला असता, असं त्याने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त नोंदवलंय. मला स्वतःला झाडावरून पडलेल्या सफरचंदापेक्षा हा गव्हाचा लंबक जास्त आवडतो. सफरचंदाची गोष्ट सगळ्यांना माहीत, आणि खरी मेहनत इथे आहे.

१९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचं पीस एकदम सोडलं. हवा नव्हती, दोन्ही एकदम खाली पडली. तो व्हिडिओ आजही बघण्यासारखा आहे. पुढे ‘मायक्रोस्कोप’ नावाच्या फ्रेंच उपग्रहाने प्लॅटिनम आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूंचे तुकडे अवकाशात सतत ‘पडत’ ठेवून तुलना केली. २०२२ मध्ये अंतिम निकाल आला. एकावर पंधरा शून्यं इतक्या भागांत काही मोजक्या भागांइतक्या बारकाईने पाहिलं, तरीही फरक सापडला नाही.

मोबाइलला काय वाटतं?

तुमच्या मोबाइलमध्ये ॲक्सेलरोमीटर म्हणजे त्वरणमापक असतो. स्क्रीन आडवी झाली की व्हिडिओ आडवा होतो तो त्याच्याच जिवावर. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने बनवलेलं ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप घेतलंत तर या सेन्सरचे आकडे थेट बघता येतात. त्यात ‘गुरुत्वासह त्वरण’ हा पर्याय निवडा.

मोबाइल टेबलावर सपाट ठेवा. आकडा येतो साधारण ९.८, आणि दिशा दाखवतो वर. खाली नव्हे, वर! आता मोबाइल हातभर उंचीवरून जाड गादीवर सोडा. (गादीच. फरशीवर पडला तर जबाबदारी तुमची.) पडत असतानाच्या त्या अर्ध्यामुर्ध्या क्षणात आकडा जवळपास शून्यावर येतो.

हे अगदी उलटं वाटतं. जो स्थिर पडून आहे त्याला ९.८ त्वरण, आणि जो खरोखर खाली चाललाय त्याला शून्य?

सेन्सर बिघडलेला नाही. त्याच्या आत सिलिकॉनच्या लवचीक पात्यांवर एक अगदी चिमुकलं वजन टांगलेलं असतं. मोबाइल टेबलावर असताना टेबल मोबाइलला वर रेटतं, ते वजन थोडं मागे राहतं, पाती वाकतात आणि आकडा येतो. मोबाइल पडताना मात्र चौकट आणि वजन दोन्ही सारख्याच त्वरणाने पडतात, गव्हाच्या आणि सोन्याच्या पेट्यांसारखी. पाती वाकायला कारणच उरत नाही. म्हणजे सेन्सरला गुरुत्वाकर्षण कळतच नाही, त्याला कळतो तो टेबलाचा रेटा.

आपलंही तसंच आहे. तुम्हाला जे ‘वजन’ जाणवतं ते तळपायांना जमिनीचा, पाठीला खुर्चीचा लागलेला रेटा असतो. लिफ्ट खाली जायला सुरुवात करते तेव्हा क्षणभर पोटात हलकं वाटतं, कारण तेवढा वेळ तो रेटा कमी झालेला असतो.

२०२५ च्या जून-जुलैमध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर राहून आले. त्यांचे तरंगतानाचे व्हिडिओ फिरले तेव्हा ‘तिथे गुरुत्वाकर्षण नसतं’ असं वाक्य पुन्हा सगळीकडे दिसलं. स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर फिरतं. तिथे हा आकडा ८.७ च्या आसपास आहे, म्हणजे जमिनीवरच्या जवळपास नव्वद टक्के. गुरुत्वाकर्षण भरपूर आहे. फक्त स्थानक आणि माणसं दोन्ही एकत्र, एकाच त्वरणाने पृथ्वीकडे पडत आहेत आणि आडव्या वेगामुळे पृथ्वीला सतत चुकवत आहेत. खालून रेटणारं कोणी नाही, म्हणून तरंगणं.

बर्नच्या पेटंट कार्यालयातला विचार

१९०७ मध्ये आइन्स्टाइन स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात पेटंट कार्यालयात नोकरी करत होता. त्याला सुचलं की एखादा माणूस छपरावरून पडला, तर पडत असेपर्यंत त्याला स्वतःचं वजन जाणवणार नाही. पुढे त्याने या विचाराला आयुष्यातला सर्वांत आनंदाचा विचार म्हटलं.

यात विशेष ते काय? न्यूटनच्या हिशोबात टेबलावरचा मोबाइल स्थिर आहे आणि पडणाऱ्याला त्वरण आहे. आइन्स्टाइनने सेन्सरच्या बाजूने कौल दिला. पडणारा मोबाइल हाच खरा मोकळा, त्याला काहीही ढकलत नाही. टेबलावरच्या मोबाइलला टेबल सतत वर ढकलतंय, त्यामुळे त्वरण त्याला आहे. बल आहे ते टेबलाचं. गुरुत्वाकर्षण नावाचं वेगळं बल मानायची गरजच नाही. रीलमधलं वाक्य येतं ते इथून.

लगेच शंका येते. पुण्यात उभ्या असलेल्या माणसाला ‘वर’ त्वरण, आणि पृथ्वीच्या जवळपास दुसऱ्या बाजूला पेरूमध्ये उभ्या असलेल्यालाही त्याच्या ‘वर’ त्वरण. दोघं विरुद्ध दिशांना सतत वेग घेत असतील तर पृथ्वी फुग्यासारखी फुगत जायला हवी. ती तर फुगत नाही.

ही गाठ सोडवायला आइन्स्टाइनला १९१५ उजाडलं. त्याचं उत्तर असं की अवकाश आणि काळ मिळून जे काही आहे तेच वस्तुमानामुळे वक्र होतं. विषुववृत्तावर थोड्या अंतराने उभे असलेले दोघे जण नाकासमोर उत्तरेला चालू लागले, तर निघताना त्यांच्या वाटा समांतर असतात, तरी ध्रुवावर ते एकमेकांना धडकतात. त्यांना कोणी जवळ ओढलेलं नसतं. जमीनच गोल आहे. पडणारी वस्तू तशीच नाकासमोर चाललेली असते, फक्त ती चालते अवकाश-काळाच्या वक्र पृष्ठावर. बुधाची कक्षा शतकाला ४३ विकला जास्त का सरकते, हे न्यूटनच्या बलाने सुटत नव्हतं. या वक्रतेने ते नेमकं सुटलं.

तरी रीलमध्ये एक गोष्ट सुटलेली असते. यानाचा मार्ग ठरवताना, धरणाची भिंत बांधताना, उड्डाणपुलाचा भार काढताना इंजिनिअर आजही मुख्यतः न्यूटनचं बलच वापरतात, आणि त्यात खोटं काही नाही. शाळेने चुकीचं शिकवलेलं नाही. दहावीच्या पेपरात वजन हे बल आणि ९.८ हे त्वरण असंच लिहा, मार्क जाणार नाहीत. पण ‘गुरुत्वाकर्षण म्हणजेच त्वरण’ ही व्याख्या मला दोन्हीकडून लंगडी वाटते. न्यूटनच्या जगात ती टेबलावरच्या मोबाइलला लागू पडत नाही. आइन्स्टाइनच्या जगात तर त्वरण गुरुत्वाकर्षणाला नाही, गुरुत्वाकर्षणाला अडवणाऱ्या टेबलामुळे आहे.

पडूनही न जाणारं असं काही उरतं का?

स्वतःला पडू दिलं की बल जातं, सेन्सरवरचं त्वरणही जातं. मग गुरुत्वाकर्षण हा निव्वळ भास का? नाही. आणि हे समजून घ्यायला कोकणच्या किनाऱ्याइतकी चांगली जागा नाही.

सूर्य आपल्याला स्वतःकडे ओढतो आणि चंद्रही ओढतो. नुसतं त्वरण बघितलं तर सूर्याचं त्वरण चंद्राच्या सुमारे १८० पट आहे. तरी भरती-ओहोटीत चंद्राचा वाटा सूर्याच्या दुपटीहून जास्त. असं का?

कारण भरती त्वरणाने येतच नाही. पृथ्वी, समुद्र, आपण, सगळे मिळून सूर्याकडे आणि चंद्राकडे पडत आहोत, त्या स्थानकातल्या अंतराळवीरांसारखे. एकत्र पडण्यात काहीच जाणवत नाही. जाणवतो तो फरक. चंद्र जवळ आहे, त्यामुळे पृथ्वीच्या त्याच्याकडच्या बाजूला ओढ केंद्रापेक्षा जरा जास्त, आणि पलीकडच्या बाजूला जरा कमी. अलीकडचं पाणी थोडं पुढे जातं, पलीकडचं थोडं मागे राहतं. दोन फुगवटे तयार होतात आणि म्हणून आपल्याकडे दिवसातून साधारण दोनदा भरती येते. सूर्य इतका लांब आहे की पृथ्वीच्या दोन बाजूंमध्ये त्याच्या ओढीचा फरक थोडाच पडतो. अमावस्या-पौर्णिमेला दोघांचे फरक एका रेषेत येतात आणि उधाणाची भरती येते, अष्टमीच्या सुमारास एकमेकांना छेद देतात तेव्हा भांगाची.

कसंही पडा, हा फरक पुसता येत नाही. आइन्स्टाइनच्या भाषेत हा फरक म्हणजेच वक्रता. म्हणून बल की त्वरण असं कोणी विचारलंच, तर शेजारच्या दोन जागांमधल्या त्वरणांचा फरक हे उत्तर मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतं.

हिंगोलीत काय मोजणार?

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. पुण्याची आयुका ही संस्था या प्रकल्पात आहे.

दूर कुठेतरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाश-काळात लाट उठते. ती आपल्याजवळून जाताना वस्तूंमधलं अंतर एका दिशेला किंचित वाढवते आणि काटकोनातल्या दिशेला किंचित कमी करते. भरतीसारखाच ताण, पण अतिशय सूक्ष्म. अमेरिकेतल्या लायगोने १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लाट पकडली, तेव्हा चार किलोमीटरच्या अंतरात पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी होता.

औंढ्यालाही काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असतील आणि त्यांच्या टोकांना आरसे टांगलेले असतील. ते अशा बेताने टांगतात की लाट आली की आडव्या दिशेत ते जवळपास मोकळे, पडणाऱ्या वस्तूसारखे वागावेत. अशा मोकळ्या आरशावर कितीही तल्लख ॲक्सेलरोमीटर चिकटवला, तरी लाट जाताना तो शून्यच दाखवेल. आरशाला स्वतःला काहीही जाणवलेलं नसतं. म्हणून एका आरशावर भागत नाही. दुसरा चार किलोमीटरवर लागतो, आणि दोघांमध्ये लेझर सोडून मोजत बसावं लागतं की मधलं अंतर बदललं का.